मेंदूची उसनवारी

१९५८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन व्हीझल हे दोन तरुण डॉक्टर भूल दिलेल्या एका मांजराला कित्येक तास ठिपके दाखवत बसले होते. मांजराच्या मेंदूत, डोक्याच्या मागच्या बाजूला, डोळ्यांकडून आलेले संदेश जिथे पोचतात तिथे त्यांनी टंगस्टनची एक अतिसूक्ष्म तार बसवली होती. तारेच्या टोकाशी असलेली चेतापेशी उद्दीपित झाली की ध्वनिवर्धकातून कडकड ऐकू यायचं. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका, मग पांढरा ठिपका, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. पेशी ढिम्म. आणि मग एक पट्टी उपकरणात सरकवताना अचानक कडकडाटाची नुसती झोड उठली.

ठिपक्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे लक्षात यायला त्यांना वेळ लागला. काचेच्या कडेची पुसटशी सावली मांजराच्या दृष्टिपटलावरून सरकली होती आणि त्या पेशीला नेमकी तेवढीच हवी होती: एका ठरावीक कलाची, सरकणारी रेघ. रेघ थोडी फिरवली की पेशी गप्प. शेजारच्या पेशीला वेगळ्या कलाची रेघ लागायची. काही पेशी रेघ अमुक जागीच असावी असा हट्ट धरायच्या, तर काहींना ती आसपास कुठेही चालायची. यावरून या दोघांनी जे चित्र मांडलं ते असं: मेंदू समोरच्या दृश्याचा फोटो काढून ठेवत नाही. आधी कडा वेचल्या जातात, त्या जुळवून कोन आणि वळणं, आणि अशा पायऱ्या चढत चढत कुठेतरी वरती उंदीर दिसतो. या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं.

यंत्राला पाहायला शिकवण्याची आजची जवळपास सगळी विद्या या एका मांजराची ऋणी आहे. पण ती गोष्ट सरळ रेषेत घडली नाही. मेंदूकडून यंत्राने आजवर जे जे उसनं घेतलं, त्यात दर वेळी थोडंच हाती आलं आणि बरंच मागे राहिलं. मला त्या मागे राहिलेल्या मालात जास्त रस आहे. ‘यंत्र हुशार की माणूस’ हा वाद वर्तमानपत्रांतून दर दोन-तीन वर्षांनी रंगतो; त्यापेक्षा या देवघेवीचा हिशेब पाहिला तर मेंदू काय चीज आहे हे बरंच जास्त कळतं.

योगायोग असा, की त्याच १९५८ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनला फ्रँक रोझेनब्लाट या मानसशास्त्रज्ञाने ‘परसेप्ट्रॉन’ नावाच्या कल्पनेचं प्रात्यक्षिक दाखवलं. खोलीभर पसरलेल्या आयबीएम ७०४ संगणकाला त्याने छिद्रं पाडलेली कार्डं दाखवली. काहींवर खूण डावीकडे होती, काहींवर उजवीकडे. पन्नासेक प्रयत्नांनंतर संगणक डावं-उजवं आपण होऊन ओळखू लागला. फरक कसा ओळखायचा याचा नियम त्याला कुणी दिलेला नव्हता. या कामाला पैसे अमेरिकी नौदलाने पुरवले होते, आणि दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं की नौदलाच्या अपेक्षेप्रमाणे हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, पाहील, लिहील, स्वतःसारखी यंत्रं निर्माण करील आणि त्याला आपल्या अस्तित्वाची जाणीवही असेल. डावं-उजवं ओळखण्यापासून आत्मजाणिवेपर्यंतचा प्रवास एका रात्रीत! कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांचा सूर तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

परसेप्ट्रॉनचं बीज त्याहून पंधरा वर्षं जुनं. १९४३ मध्ये वॉरन मॅककलक हे मेंदूविज्ञानी आणि वॉल्टर पिट्स हा शाळा-कॉलेजाची पदवी नसलेला, स्वतःच्या बळावर तर्कशास्त्र शिकलेला पोरगा, या जोडीने एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी चेतापेशीचं सगळं मांस काढून टाकलं आणि फक्त हाडं ठेवली. पेशीकडे अनेक ठिकाणांहून संदेश येतात; त्यांची बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली तर पेशी पुढे संदेश धाडते, नाहीतर गप्प राहते. बस. अशा ‘हो-नाही’ पेशींची जाळी विणली तर तर्कशास्त्रातलं कोणतंही विधान त्यांत मांडता येतं, हे त्यांनी गणिताने दाखवलं. कल्पना अफाट होती आणि सुटसुटीतही. आजच्या भाषा लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या अवाढव्य जाळ्यांमधला एकेक ठिपका अजूनही या १९४३ च्या सांगाड्याचाच वंशज आहे.

आणि खरी चेतापेशी? ती झाडासारखी असते. तिला शेकडो फांद्या, फांद्यांवर हजारो काटे, आणि दर काट्यावर दुसऱ्या पेशीशी जोड. संदेश कोणत्या फांदीवर आला, टोकाला आला की बुंध्याशी, कोणत्या दोन संदेशांत किती मिलिसेकंदांचं अंतर होतं, या सगळ्याने तिचं उत्तर बदलतं. २०२१ मध्ये इस्रायली संशोधकांनी मेंदूच्या बाह्यस्तरातल्या एकाच पेशीच्या वागण्याची हुबेहूब नक्कल करायला कृत्रिम जाळं वापरून पाहिलं. त्याला पाच ते आठ थरांचं जाळं लागलं. म्हणजे ज्या गोष्टीला आपण जाळ्यातला एक ठिपका समजत होतो, ती एकटीच एक जाळं निघाली.

मॅककलक आणि पिट्स यांना या गुंतागुंतीची चुणूक स्वतःलाच पाहायला मिळाली होती. १९५९ मध्ये ते दोघे एका वेगळ्या निबंधाचे सहलेखक होते. जेरोम लेटव्हिन आणि हुंबेर्तो मातुराना यांच्याबरोबर केलेलं हे काम बेडकाच्या डोळ्यावर होतं. डोळा बिचारा कॅमेऱ्यासारखा उजेड टिपून पुढे पाठवतो आणि अर्थ मेंदू लावतो, अशी तेव्हाची समजूत. बेडकाच्या डोळ्यातून निघणाऱ्या तंतूंवर मोजणी केली तेव्हा काही तंतू फक्त लहान, काळ्या, वळवळत्या गोष्टीलाच प्रतिसाद देताना आढळले. थोडक्यात, माशी. बेडकाची माशी मेंदूपर्यंत पोचण्याआधी डोळ्यातच अर्धीमुर्धी ओळखली जात होती. स्वच्छ तर्काचं जाळं वगैरे ठीक. निसर्गाने मात्र जिथे सोय दिसली तिथे काम उरकून घेतलं होतं.

परसेप्ट्रॉनचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९६९ मध्ये मार्व्हिन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांच्या पुस्तकाने एका थराच्या परसेप्ट्रॉनला किती साध्या गोष्टी जमत नाहीत हे सिद्ध केलं. उदाहरणार्थ, ‘दोहोंपैकी एकच, दोन्ही नाही’ एवढंही त्याला कळत नाही. पैशांचा ओघ आटला. रोझेनब्लाट १९७१ मध्ये, आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, नौकेच्या अपघातात गेले. कोपऱ्यात काम करत राहिले ते थोडे. त्यांतले एक जपानचे कुनिहिको फुकुशिमा. १९८० मध्ये त्यांनी ह्यूबेल-व्हीझलच्या हट्टी आणि सवलत देणाऱ्या पेशी थरावर थर रचून एका कृत्रिम जाळ्यात उतरवल्या आणि त्याला हस्ताक्षरातले आकडे वाचायला लावले. मांजराचा मेंदू यंत्रात शिरला तो इथून.

अडचण होती ती शिकण्याची. थर अनेक असले, आणि उत्तर चुकलं, तर दोष कुणाचा? १९८६ मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनल्ड विल्यम्स यांनी ज्या पद्धतीला लोकप्रिय केलं ती समजायला तंबोरा बरा. तार छेडायची, किती उतरली-चढली ते ऐकायचं, खुंटी किंचित पिळायची, पुन्हा छेडायची. जाळ्यातल्या प्रत्येक जोडाला एक भार असतो, तीच खुंटी. फरक इतकाच की तंबोऱ्याला खुंट्या चार आणि इथे कोट्यवधी. शिवाय कानाला सगळ्यांचा मिळून एकच सूर ऐकू येतो. त्या एका बेसूरपणातून, कोणती खुंटी कोणत्या दिशेला किती पिळायची हे शेवटच्या थरापासून पहिल्या थराकडे उलटं गणित करत काढायचं. हे गणित कलनशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं आहे, त्यात गूढ काही नाही. तरीही आजची सगळी ‘विचार करणारी’ यंत्रं याच उलट गणितावर उभी आहेत.

इथे मेंदूवाल्यांनी कान टवकारले, आणि मग भुवया उंचावल्या. डीएनएच्या रचनेसाठी नोबेल मिळवलेले फ्रान्सिस क्रिक तोवर मेंदूकडे वळले होते. १९८९ मध्ये त्यांनी लिहून दाखवलं की खऱ्या मेंदूत असं काही चालत असण्याची शक्यता कमीच. चेतापेशीचा संदेश एका दिशेने जातो. चुकांचा हिशेब त्याच वाटेने, त्याच भारांसह मागे कसा येणार? आक्षेप रास्त होता आणि तो आजही पुरता सुटलेला नाही. विमान उडतं, पण पंख फडफडवत नाही, असं म्हणून अभियंते पुढे निघून गेले. मेंदूविज्ञानाच्या दृष्टीने मात्र हा सगळ्यात मोठा मागे राहिलेला माल: मेंदू शिकतो हे दिसतं, दोन पेशी वारंवार एकत्र उद्दीपित झाल्या की त्यांच्यातला जोड बळकट होतो हे १९७३ पासून प्रयोगात सिद्ध आहे, पण हजारो जोडांमध्ये श्रेय आणि दोष यांची वाटणी तो कशी करतो, हे कोडं आहे.

२०१२ मध्ये टोरांटोत हिंटन यांच्या दोन विद्यार्थ्यांनी आणि त्यांनी मिळून एक जाळं बनवलं. सहा कोटी खुंट्या, बारा लाख छायाचित्रं, व्हिडिओ गेमसाठी विकली जाणारी दोन ग्राफिक्स कार्डं आणि पाच-सहा दिवसांचं प्रशिक्षण. चित्रांतल्या वस्तू ओळखण्याच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाची चूक २६ टक्क्यांच्या वर होती, यांची १५.३. सगळं क्षेत्र एका दुपारीत पालटलं म्हणायला हरकत नाही. पण मला त्या निबंधातली एक छोटी आकृती जास्त आवडते. प्रशिक्षण संपल्यावर जाळ्याचा पहिला थर नेमकं काय शिकला हे त्यांनी छापून दाखवलं. त्यात होत्या रेघा, वेगवेगळ्या कलाच्या. हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. कुत्रे, जहाजं, फुलं ओळखता ओळखता ते आपण होऊन तिथे पोचलं होतं, जिथे मांजराची उत्क्रांती पोचली होती.

इतकं साधर्म्य पाहून, यंत्र आपल्यासारखंच पाहतं असं म्हणण्याचा मोह होणं स्वाभाविक आहे. २०१९ मध्ये जर्मन संशोधकांनी तो मोडला. त्यांनी मांजराच्या फोटोवर हत्तीची कातडी चढवली. आकार सगळा मांजराचा, कान, शेपूट, मिशा जागच्या जागी, फक्त पोत सुरकुतलेला आणि राखाडी. माणसं क्षणभर हसून म्हणाली, मांजर. जाळं छातीठोकपणे म्हणालं, भारतीय हत्ती. ते पोत वाचत होतं आणि आकार त्याच्या लेखी दुय्यम होता. त्याआधीच असंही दिसलं होतं की पांडाच्या फोटोत डोळ्यांना न दिसणारी ठरावीक खरखर मिसळली तर जाळं त्याला ९९ टक्के खात्रीने गिबन हा कपी ठरवतं. रेघा मेंदू आणि जाळं दोघांनीही शोधल्या हे खरं, पण तिथून पुढे दोघे वेगवेगळ्या वाटांनी गेले. याचं एक कारण मेंदूच्या जोडणीत आहे. आपल्या दृष्टीच्या भागांत वर जाणाऱ्या तंतूंइतकेच खाली येणारे तंतू आहेत. वरचे भाग खालच्यांना सतत सांगत असतात, इथे काय दिसायला हवं. फुकुशिमांनी ह्यूबेल-व्हीझलकडून जिना घेतला. त्यावरून खाली येणारी वाट मागेच राहिली.

हे फक्त चित्रांपुरतं आहे असंही नाही. गो या खेळात यंत्राने २०१६ मध्ये सोलला ली सेडॉल या दिग्गजाला ४-१ हरवलं आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. २०२३ मध्ये एका अमेरिकी हौशी खेळाडूने त्याच दर्जाच्या प्रोग्रॅमला पंधरापैकी चौदा डावांत धूळ चारली. युक्ती दुसऱ्या एका प्रोग्रॅमने शोधून काढली होती: प्रतिस्पर्ध्याच्या सोंगट्यांभोवती सावकाश मोठा फास टाकायचा. कुठलाही बरा माणूस हा फास लांबून ओळखेल. कोट्यवधी डाव खेळलेल्या यंत्राला ‘वेढलं जाणं’ ही गोष्ट मात्र आपण समजतो तशी कळलेलीच नव्हती.

आतापर्यंतची देवघेव एकतर्फी होती, मेंदूकडून यंत्राकडे. उलट्या दिशेने मेंदूविज्ञानाला जे मिळालं ते माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं प्रकरण आहे.

डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या तळाशी एका छोट्या भागात असतात. त्या मरू लागल्या की पार्किन्सनचा आजार होतो, त्यामुळे त्यांचा संबंध हालचालीशी जोडला जाई. स्वित्झर्लंडच्या फ्रिबुर्ग विद्यापीठात वोल्फराम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या याच पेशींवर तारा लावून बसले होते. माकडाला अधूनमधून फळाच्या रसाचा एक थेंब मिळायचा. अचानक रस मिळाला की पेशी तडतडायच्या. मग डोपामिन म्हणजे सुख, असं म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. आजही व्हॉट्सॲपवर सर्रास तसंच म्हणतात. पण रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली आणि माकडाला सवय झाली, तेव्हा गंमत झाली. पेशी आता दिवा लागल्याबरोबर तडतडू लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा काहीच नाही, जणू त्यात विशेष ते काय. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो मिळायला हवा होता नेमक्या त्या क्षणी त्यांची नेहमीची टकटकही थांबली. रसाची वेळ या पेशींना ठाऊक होती, आणि अपेक्षाभंगही.

हे काय चाललंय याचं उत्तर मेंदूविज्ञानात नव्हतं. ते होतं संगणकशास्त्रात. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो बऱ्याच वर्षांपासून यंत्राला बक्षीस-शिक्षेतून कसं शिकवावं याचं गणित मांडत होते. त्यांच्या पद्धतीत यंत्र पुढे किती बक्षीस मिळेल याचा दर क्षणी अंदाज बांधतं आणि दर क्षणी नवा अंदाज जुन्याशी ताडून पाहतं. फरक शून्य, तर शिकण्यासारखं काही नाही. अंदाजापेक्षा चांगलं घडलं तर आधीच्या पावलांचा भाव वाढतो, वाईट घडलं तर उतरतो. शेवटच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. सटन यांनी हे १९८८ मध्ये नीट मांडलं, आणि आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरो यांच्या प्रोग्रॅमने १९९२ मध्ये याच जोरावर स्वतःशीच खेळून बॅकगॅमनमध्ये उस्तादांच्या पंक्तीत जागा मिळवली. हे गणित ठाऊक असलेले पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी शुल्ट्झ यांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा त्यांना तो आलेख ओळखीचा वाटला. समीकरणातली ‘अंदाजातली चूक’ आणि माकडाची तडतड एकमेकांवर बसत होत्या. तिघांचा निबंध १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. बार्टो आणि सटन यांना २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

डोपामिनच्या पेशी सुख वाटत फिरत नाहीत. त्या सांगतात की जग तुझ्या अंदाजापेक्षा किती बरं किंवा वाईट निघालं. जुगाराच्या यंत्रापुढून माणूस का उठत नाही, पगारवाढीचा आनंद दोन महिन्यांत का विरतो, फोन पुन्हापुन्हा का उघडला जातो, याकडे पाहण्याची एक नवी खिडकी त्यामुळे मिळाली. आणि ती मिळाली बॅकगॅमन खेळणाऱ्या यंत्राच्या शेजारून!

स्मृतीच्या बाबतीत दोन्हीकडचे धागे आणखी गुंतलेले आहेत. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले. पण त्यानंतरची त्याची एकही नवी आठवण टिकेना. २००८ मध्ये तो वारला तोवर पाच दशकं डॉक्टर त्याला दरवेळी नव्याने भेटत होते. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज तो अधिक सफाईने गिरवू लागला, आणि रोज सांगायचा की हे काम आपण आधी कधी केलेलं नाही. हात शिकत होता; ज्याचा हात होता त्याला पत्ता नव्हता. म्हणजे मेंदूत शिकण्याच्या किमान दोन यंत्रणा आहेत. हिप्पोकॅम्पस एकदा घडलेलं चटकन टिपून ठेवतो, आणि बाकीचा मेंदू सावकाश मुरवतो.

दोन कशाला हव्यात? याचंही उत्तर यंत्राच्या एका फजितीतून मिळालं. १९८९ मध्ये दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका कृत्रिम जाळ्याला आधी एक मिळवण्याच्या बेरजा शिकवल्या. त्या पाठ झाल्यावर दोन मिळवण्याच्या शिकवल्या. दोनच्या बेरजा आल्या आणि एकच्या पार पुसल्या गेल्या. तीनचा पाढा शिकल्यावर बेचा पाढा विसरणारं पोर कुणी पाहिलंय? एकाच भारांत नवीन घाईने कोंबलं की जुनं ढासळतं. १९९४ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधून पुढचा दुवा मिळाला: दिवसा धावताना ज्या पेशी एकत्र उद्दीपित झाल्या, त्याच पेशी नंतर झोपेतही एकत्र उद्दीपित होत होत्या. दिवस पुन्हा वाजवून पाहिला जात होता, आणि सावकाश मुरवणाऱ्या मेंदूला तो थोडा थोडा पाजला जात होता.

लंडनच्या डीपमाइंड कंपनीचे डेमिस हसाबिस यांची पीएच.डी. हिप्पोकॅम्पसवरचीच. तो भाग निकामी झालेल्या माणसांना भूतकाळ आठवत नाहीच, पण नवा प्रसंग कल्पून सांगणंही त्यांना जड जातं, हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर २००७ मध्ये दाखवलं होतं. त्यांच्या कंपनीचा २०१५ चा प्रोग्रॅम अटारीचे ४९ जुने व्हिडिओ गेम शिकला, तेव्हा घडून गेलेले क्षण साठवून ते उलटसुलट क्रमाने पुन्हा शिकण्याची सोय त्यात होती. उंदराच्या झोपेशी तिचं नातं त्यांनी स्वतःच सांगितलं. पण एक बारीक अक्षरातली गोष्ट: प्रत्येक खेळासाठी जाळं कोरं घेऊन नव्याने शिकवावं लागलं.

आता मेंदूच्या ताकदीविषयी. आपण दहा टक्केच मेंदू वापरतो ही थाप आहे. ती विकणाऱ्या शिबिरांचे पैसे वाचवा. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हेर्कुलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं चक्क द्रावण करून पेशींची केंद्रकं मोजली. उत्तर आलं सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी. त्यांतल्या जवळपास ६,९०० कोटी मानेच्या वरच्या त्या लहान मेंदूत आहेत, ज्याचं मुख्य काम हालचालींतला मेळ साधणं. बुद्धीचं घर मानल्या जाणाऱ्या मोठ्या मेंदूच्या बाह्यस्तरात १,६०० कोटी. लहान मेंदूच्या बहुतेक पेशी अगदी चिमुकल्या असतात, त्यामुळे हे प्रमाण शब्दशः घेऊ नये. तरी यंत्रमानवशास्त्रज्ञ हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्ये लिहिलेली गोष्ट इथे पटते: बुद्धिबळासारख्या, आपल्याला डोकेफोड वाटणाऱ्या गोष्टी यंत्राला सोप्या, आणि वर्षाच्या पोराला येणारं पाहणं, पकडणं, चालणं महाकठीण. बुद्धिबळ आपल्याला अवघड वाटतं कारण त्यासाठी मेंदूत मुळात काही तयारी नाही. दाटीच्या लोकलमधून एक हात कडीला ठेवून, पिशवी सांभाळत, नेमक्या सेकंदाला फलाटावर उतरणं सोपं वाटतं, कारण त्यामागे कोट्यवधी वर्षांची तयारी आहे.

हे सारं सुमारे २० वॉटमध्ये चालतं. दिवसाला अर्धा युनिटसुद्धा नाही. जीपीटी-३ या भाषा-यंत्राच्या प्रशिक्षणाला संशोधकांच्या अंदाजानुसार १२ लाख ८७ हजार युनिट वीज लागली. तेवढ्यात एक मेंदू सात हजार वर्षांहून जास्त चालेल. हिशेब थोडा अन्यायाचा आहे, कारण ते यंत्र एकदा शिकलं की लाखो लोकांच्या कामी येतं. पण शिकण्याच्या काटकसरीचा आकडा त्याहून बोलका आहे. त्या यंत्राने ३०,००० कोटी शब्दतुकडे वाचले. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या कानांवर तोवर फार तर दहा कोटी शब्द पडलेले असतात, आणि सोलापुरातल्या मुलाच्या बाबतीत ते मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी अशा तीन-चार भाषांत विभागलेले.

हिंटन यांनी २०२३ मध्ये गूगल सोडताना जे म्हटलं त्याने म्हणूनच खळबळ माजली. चाळीस वर्षं मेंदू समजून घेण्यासाठी जाळी विणली, आणि आता वाटतं की यंत्राची शिकण्याची रीतच मेंदूपेक्षा सरस असावी. मेंदूत शंभर लाख कोटींच्या आसपास जोड आहेत. यंत्राकडे त्याचा शंभरावा हिस्सा आहे, तरी त्यात एका माणसाच्या शेकडो पट माहिती मावते. शिवाय हजार प्रती वेगवेगळ्या गोष्टी शिकल्या तर भार एकमेकींना देऊन सगळ्या एकदम शहाण्या होतात. माणसाचे भार त्याच्याबरोबर जातात.

हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. प्रतींचा मुद्दा बिनतोड आहे. जोडांच्या मोजदादीबद्दल मात्र शंका येते, कारण त्यात मेंदूतला एक जोड आणि यंत्रातली एक खुंटी एकाच मापाची धरली आहे. ३०२ चेतापेशी असलेल्या एका सूक्ष्म जंताच्या सगळ्या जोडांचा नकाशा १९८६ पासून छापील उपलब्ध आहे, आणि नुसत्या त्या नकाशावरून जंत पुढच्या क्षणी कुठे वळेल हे आजही सांगता येत नाही. २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गूगलच्या चमूने माणसाच्या मेंदूचा एक घन मिलिमीटर तुकडा, म्हणजे साधारण दहा लाखावा भाग, पाच हजारांहून जास्त काप करून नकाशात उतरवला. त्यात ५७ हजार पेशी, १५ कोटींच्या आसपास जोड, आणि साठवणीला १,४०० टेराबाइट जागा. कृत्रिम जाळ्यात दोन ठिपक्यांमध्ये जोड असतो तो एकच. या तुकड्यातही बहुतेक पेशींच्या जोड्या एखाददुसऱ्या जोडावर भागवत होत्या. पण काही थोड्या ठिकाणी एका पेशीने दुसरीला पन्नासहून अधिक जोडांनी घट्ट धरलेलं आढळलं. हे कशासाठी, याचा खुलासा अजून कुणाकडेच नाही.